चुडाचा हिशेब

माझं टक्कल मला पहिल्यांदा माझ्याच ड्रोनने दाखवलं.

वडगावला एका लॉन्सवर लग्न होतं. तुळशीची लग्नं उरकून आठवडा झाला होता, म्हणजे आमचा सीझन नुकताच उघडला होता. ड्रोन हाताखालचा पोरगा उडवतो. मी खाली, स्टेजजवळ. अक्षता पडतानाचा वरून घेतलेला शॉट रात्री कामशेतच्या स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर लावला. फेट्यांचा गुलाबी-भगवा ताटवा फार सुंदर दिसत होता. पण त्याच्या मधोमध एक चकचकीत वर्तुळ इकडून तिकडे फिरत होतं.

“हा काका कोण रे? सारखा फ्रेममध्ये येतोय.”

पोरगा काही बोलेना. मग हळूच म्हणाला, “दादा, तुम्हीच की.”

वय वर्षं छत्तीस. पुढचे केस विरळ झालेत हे मला ठाऊक होतं, तेवढं मी भांग बदलून सांभाळलं होतं. पण आरशात समोरचं दिसतं, टाळू दिसत नाही. पंधरा वर्षं मी लोकांची डोकी बघतोय. कपाळ चमकत असेल तर पावडरचा पफ कसा फिरवायचा, वरून लाइट पडू द्यायचा नाही, नवऱ्या मुलाला हनुवटी किती खाली घ्यायला सांगायची, हे सगळं मी झोपेतही सांगेन. अल्बमच्या एडिटिंगमध्ये मी आजवर किती जणांच्या डोक्यावर केस भरून दिलेत याची गणतीच नाही. स्वतःच्या डोक्याचा मागचा फोटो मात्र कधी काढला नव्हता. त्या दिवशी मांडवात सगळ्यांना फेटे बांधले होते. कॅमेरा डोळ्याला लावताना अडतो म्हणून मी एकट्याने बांधला नव्हता.

माझ्या आजोबांना टक्कल होतं का, हे मला सांगता येणार नाही. घरात त्यांचे तीन फोटो आहेत आणि तिन्हींत पांढरी टोपी. शेतात, पंगतीत, चावडीवर, एसटीत टोपी कायम. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्यांचे जुने अल्बम माझ्याकडे आहेत. त्यांत पंगतच्या पंगत टोप्यांची; कुणाच्या डोक्यावर काय आहे, काय नाही, हे त्याच्या बायकोला आणि सलूनवाल्यालाच ठाऊक असणार. मग एक्स्प्रेसवे झाला, तळेगावची एमआयडीसी वाढली, कुणाची जमीन गेली, कुणाला नोकरी लागली आणि आमच्या पिढीने टोपी खुंटीला लावली. टोपी गेली तसं डोकं उघडं पडलं. आता मावळातला माणूस फेट्याने तेवढा तासभर झाकला जातो, तोही भाड्याच्या.

पुढचे सहा महिने घरगुती उपायांत गेले. कांद्याचा रस, माका, जास्वंदीचं तेल. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. उशीला वास यायचा एवढंच. बायको गंमत करायची. २०१९ च्या नोव्हेंबरात ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ असे टकल्या नायकांचे दोन सिनेमे पाठोपाठ आले होते. ती म्हणायची, “तिसरा तुझ्यावर काढतील.”

मग मी हेअर फायबरची डबी मागवली. काळी पूड असते, विरळ केसांवर शिंपडली की ती केसांना चिकटते आणि लांबून डोकं भरल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्यालाही फसवते, मी तपासून पाहिलं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लोणावळ्याच्या लायन्स पॉइंटला एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट होतं. ढग दरीतून वर येत होते आणि उजेड असा मऊ होता, की फोटोग्राफरने आणखी काही मागू नये. तिथला वारा मात्र समोरून येत नाही, दरीतून वर चढतो. आधी माझा भांग उलटा झाला, मग भुरभुर सुरू झाली. मी कॅमेरा वाचवत होतो, डोक्याकडे लक्ष नव्हतं. नवऱ्या मुलीची आई छत्री घेऊन जवळ आली आणि काळजीने म्हणाली, “अहो दादा, कपाळावरून काहीतरी काळं ओघळतंय.” तिने पदराने पुसायला हात पुढे केला. मी मागे सरकलो. ज्या गावाची ओळखच पाऊस आहे तिथे धंदा करणाऱ्या माणसाने ही डबी घ्यायलाच नको होती.

त्यानंतर तळेगावच्या एका त्वचारोग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून डोकं पाहिलं आणि कागदावर सात डोकी काढली. पुरुषांचं टक्कल कसं पसरत जातं त्याची ही नॉरवूडची मोजपट्टी, १९७५ पासून जगभर वापरतात. तुम्ही चौथ्या डोक्यावर आहात, म्हणाले. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ज्यांच्या केसांच्या मुळांना आनुवंशिकतेने ते सोसत नाही त्यांची मुळं बारीक होत जातात, केस लव होतो आणि शेवटी येईनासा होतो. “मामावर गेलाय म्हणतात ते खरं?” मी विचारलं. “अर्धं,” डॉक्टर म्हणाले. एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो, पण बाकी बरेच दोन्हीकडून. मग औषधांचं सांगितलं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, त्यावरून लावायचं औषध निघालं. फिनास्टेराइड ही डीएचटी कमी करणारी गोळी. थोड्या जणांना तिने लैंगिक तक्रारी होतात, त्या त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितल्या. दोन्ही औषधं थांबवली की टिकवलेलं पुन्हा जातं. म्हणजे दाढीसारखं रोजचं काम मागे लावून घ्यायचं, आणि तेही जन्मभर.

ट्रान्सप्लांटचं विचारल्यावर ते म्हणाले, “होतं, चांगलंही होतं. पण आधी मागच्या केसांकडे बघा.” डोक्याच्या मागच्या नि बाजूच्या पट्ट्यातल्या केसांना डीएचटी फारसं जाचत नाही, आणि ते उचलून पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. ओरेन्ट्राइख यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं. सगळं केसरोपण त्यावरच उभं आहे.

माझ्या नात्यात याचे दोन नमुने होते, डॉक्टरांना विचारायचीही गरज नव्हती. एक, बायकोचा मावसभाऊ. एकतिसाव्या वर्षी केस लावून घेतले, लग्न वर्षभर पुढे ढकललं. तिसऱ्या महिन्यात त्याचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा तो पहिल्यापेक्षा वाईट दिसत होता, कारण लावलेले केस आधी गळतात. मी त्याला गप्प बसून राहायला सांगितलं. अकराव्या महिन्यात मी त्याचं लग्न शूट केलं आणि एडिटिंगमध्ये डोक्याला हातही लावला नाही. दुसरा, माझा चुलतभाऊ. त्याने सव्विसाव्या वर्षीच घाई केली, कपाळावरची रेघ अगदी कॉलेजातल्यासारखी खाली आखून घेतली. लावलेली रेघ आजही जागेवर आहे, तिच्या मागचे मूळचे केस मात्र गेले. पुढे बांध आणि मागे माळ. भर उन्हाळ्यात तो टोपी घालून फिरतो, आणि ती आजोबांची टोपी नव्हे. विषय निघाला की म्हणतो, “समोरून बघ ना.”

तरीही जुलैत मी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. ते कोणतं, याला महत्त्व नाही. काउन्सेलर म्हणून टाय लावलेला एक तरुण भेटला. त्याने माझा फोटो काढला (लाइट वरून पाडून! मी काही बोललो नाही), स्क्रीनवर केस भरून दाखवले. हे तर मी पाच मिनिटांत करतो. मग आकडा आला: अठ्ठावीसशे ग्राफ्ट, ग्राफ्टला चाळीस रुपये, म्हणजे एक लाख बारा हजार. हप्ते पाडून मिळतील. शस्त्रक्रिया कोण करणार विचारलं तर म्हणाला, “आमची टीम खूप अनुभवी आहे.” डॉक्टर भेटतील का? “त्या दिवशी असतातच.” २०१९ साली मुंबईत केसरोपणानंतर एक व्यावसायिक दगावल्याची बातमी मी वाचली होती. शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच हे करावं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय, हेही तळेगावच्या डॉक्टरांकडून कळलं होतं. मी कागद खिशात घातला आणि शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली.

घरी आलो तर लावणी चालू होती. दुपारी बांधावर चहा घेताना वडिलांनी विचारलं, “पुण्याला काय काम होतं?” मी लपवलं नाही. ते हसतील वाटलं होतं, पण ते नीट ऐकत होते.

“ग्राफ्ट म्हणजे?”

“मागून मुळासकट उपटतात, एकेका ग्राफ्टात एक ते चार केस असतात. पुढे भोकं पाडून त्यात लावतात.”

“म्हणजे चूड,” वडील म्हणाले.

आमच्याकडे इंद्रायणी भाताची दोन-तीन रोपं एकत्र धरून चिखलात लावतात, त्याला चूड म्हणतात. मग ते आपसूक प्रश्न विचारत गेले. लावल्यावर पिवळं पडतं का? म्हटलं, पडतं म्हणजे गळतंच, मग तीन-चार महिन्यांनी फुटतं. त्यांनी मान डोलावली. ज्या राबातून रोप काढलं तिथे पुन्हा येतं? नाही. राब एकदाच? एकदाच, पुढे गरज पडली तर उरलंसुरलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “आणि बाकीच्या खाचराचं पाणी आटायचं थांबलंय का?”

ते थांबलेलं नव्हतं. थांबवायला गोळी आणि औषध, तेही कायम. हा प्रश्न काउन्सेलरने मला विचारला नव्हता आणि मीही त्याला विचारला नव्हता. वडिलांनी केस लावू नको असं म्हटलं नाही. “पैसे तुझे आहेत,” एवढंच म्हणाले आणि चिखलात उतरले.

त्या पैशांत मला हवी होती ती लेन्स जवळपास येत होती. पण लेन्ससाठी केसांवर पाणी सोडलं असं म्हणणं खोटं ठरेल, कारण लेन्स अजून घेतलेली नाही. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. रोज सकाळी भांग, डबी, आरसा, वाऱ्याची दिशा.

कामशेतचा माझा सलूनवाला बरेच दिवस मागे लागला होता, “झिरो मशीन मारू. चेहरा मोकळा दिसेल.” पुण्यात हे सोपं आहे. गावात डोकं उतरवलेला माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, कोण गेलं? दहाव्याला घाटावर बसल्याशिवाय आमच्याकडे कुणी डोकं करत नाही, आणि बाप गेला असेल तर मिशीही जाते. मी घरी नुसता विषय काढला तर वडील जेवता जेवता थांबले. लावणीच्या दिवशी एवढं शांतपणे ऐकणारा माणूस. “मी बसलोय ना अजून इथं?” म्हणाले, आणि ताटावरून उठले.

मार्ग काढला आईने. माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरची कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा. दसऱ्यानंतर भाच्याचं जावळ ठरलं होतं, आणि जावळ मामाच्या मांडीवर काढतात. “तू बसणारच आहेस. त्याचं झालं की तुझंही करून घे,” आई म्हणाली. “कुणी विचारलं तर सांग, नवस होता.”

भाचा पायऱ्या चढेपर्यंत हसत होता, वस्तरा दिसताच त्याने डोंगर डोक्यावर घेतला. मी त्याचे दोन्ही हात धरून बसलो. मग त्याच जागी मी बसलो तर तो गप्प होऊन टक लावून माझ्याकडे बघत राहिला. वीस मिनिटांत पाच वर्षांची काळजी खाली पडली. फार नव्हतीच, मुठीत मावली असती. नंतर तिकीट काढून आम्ही शेजारचं लेणं बघायला गेलो. ओसरीच्या भिंतीवर कोरलेली ती स्त्री-पुरुषांची जोडपी मी शंभरदा पाहिली आहेत, तिथे लाइट कसा पडतो हे मला पाठ आहे. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की पुरुषांच्या डोक्यांवर चांगली जाड मुंडाशी आहेत. ज्यांच्यासाठी हे लेणं खोदलं ते भिक्खू मात्र मुंडणच करायचे. दगडातल्या त्या गड्यांच्या मुंडाशाखाली काय होतं, कोण जाणे. भाचा आणि मी, दोघंही ऊन लागून डोक्यावरून हात फिरवत होतो.

नवस चांगला चालला. सीझन उघडला, मांडवामांडवात लोक विचारायचे, मी एकवीरेचं नाव घ्यायचो, ते हात जोडायचे. पवनानगरच्या एका लग्नात एक म्हातारबाबा मात्र चिकट निघाले. “कशाचा नवस? फळला का?” मला उत्तर सुचेना. “बघू,” म्हणालो आणि नवरीचा मामा स्टेजवर येतोय म्हणून सटकलो. क्लिनिकचा मेसेज दिवाळीला आला, नवीन वर्षाला आला. सवलत वाढत चालली आहे. तो नंबर मी काढून टाकलेला नाही.

अडचण मात्र जावळानंतर तिसऱ्याच आठवड्यात उभी राहिली होती. बाजूला केस वाढले, मध्ये माळ तसाच. आई म्हणाली, “आता काय सांगशील? दर महिन्याला नवस?” रविवारी मी सलूनमध्ये गेलो तर वडील आधीच दाढीला बसले होते. मी शेजारच्या खुर्चीत बसलो. सलूनवाल्याने माझ्या गळ्यात कापड बांधलं, मशीन हातात घेतलं आणि आरशातून माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं.

वडिलांच्या तोंडाला फेस होता. त्यांनी जरा वेळ घेतला.

“मार,” ते म्हणाले. “मिशीला हात लावू नको.”