फजर पुढे जात नाही, झोप अलीकडे आणता येते

आम्ही देवगडात आठवी ते दहावीच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. पहिल्या तासाला चार-पाच डोकी हमखास बाकावर टेकलेली दिसतात. विचारले की उत्तर ठरलेले : ‘रात्री झोपच झाली नाही.’

जागरण देवगडला नवे नाही. हापूसच्या हंगामात पेट्या भरून वाशीच्या बाजारासाठी गाडीत चढेपर्यंत घरे जागी असतात. मासेमारीला जाणाऱ्यांची रात्र तर पाण्यावरच जाते. पण ते जागरण मोठ्यांचे, कामाचे आणि ठरावीक दिवसांचे. मोबाईलला हंगाम नाही आणि तो मुलांच्या उशाशी असतो.

शासनानेही या प्रश्नाची दखल घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असे ठरले. निर्णय चांगला आहे. पण आमची मुले चौथीच्या पुढची. शिवाय आपल्या घरांत दिवस शाळेच्या घंटेने नव्हे, फजरच्या अजानने सुरू होतो. जूनमध्ये येथे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि फजर त्याआधी अदा करायची असते. शाळा कितीही उशिरा भरो, ही वेळ पुढे जात नाही. म्हणजे झोप वाढवायची ती रात्रीच्या बाजूनेच.

झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले की ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. पहाटे पाचला उठणाऱ्या नववीतल्या मुलीला रात्री नऊलाच डोळा लागायला हवा. आपल्या घरांत नऊला जेवणाची ताटेही उचललेली नसतात.

मुलांना आळशी म्हणून मोकळे होऊ नये. या वयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढते आणि झोपेची तयारी होते. मोबाईलचा निळसर उजेड ती तयारी लांबवतो. उशिरा येणारी झोप मग आणखी उशिरा येते.

‘मोबाईल काढून घ्या’ हे सांगणे सोपे. पण आपल्या कितीतरी मुलांचे अब्बा आखातात आहेत. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे, सौदी आणि कुवेतचे अडीच तास. रियाधला रात्री आठला काम आटोपून ते फोन लावतात, तेव्हा येथे साडेदहा झालेले असतात. ज्या घरांनी एकेका पत्राची वाट पाहिली, त्यांच्यासाठी मुलांचा चेहरा रोज दिसणे ही नेमतच आहे. ती तोडा असे आम्ही म्हणणार नाही. मात्र अब्बांचा फोन वीस मिनिटांत संपतो, आणि हातात राहिलेला मोबाईल बारा वाजवतो.

यावर मार्ग निघू शकतो. निवांत बोलणे अब्बांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवावे. इतर दिवशी मुलांनी संध्याकाळी आपल्या आवाजात निरोप पाठवावा. अब्बांनी सवडीने उत्तर द्यावे. ते फजरनंतर ऐकायला मिळणार म्हटले की उठणेही जड जात नाही. इशा झाली की घरातले सारे मोबाईल एका जागी ठेवावेत, अम्मीचा आणि मामूचासुद्धा. इशानंतर विनाकारण गप्पा रंगवणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते, हे आपण मुलांना सांगतो. ते सांगताना आपल्या हातात काय आहे, हेही मुले पाहत असतात. रविवारी दुपारी अर्धा तास कैलुला करायलाही हरकत नाही.

दहावीच्या वर्षी पालक आम्हाला विचारतात, जादा शिकवणी कोणती लावावी? आम्ही आधी विचारतो, मूल रात्री किती वाजता झोपते? दिवसा वाचलेले डोक्यात पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच चालते. ती झोपच कापली तर शिकवणीची फी भरून काय उपयोग?