मातीची चूल

परवा शाळेत चीनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्याचं चित्र दाखवत होते. १९७४ साली शीआनजवळ शेतकऱ्यांना विहीर खणताना सापडलं ते. हजारो शिपाई, माणसाएवढे उंच! एका मुलीनं विचारलं, "बाई, एवढ्यांना जेवायला कोण घालायचं?" वर्ग हसला, मीही हसले, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

ह्यांनी वाचनालयातून पुस्तक आणून दिलं. दुपारची झाकपाक झाल्यावर वाचत बसले, आणि त्यात चूलच सापडली की! नंतरच्या हान काळातल्या (इ.स.पू. २०२ ते इ.स. २२०) थडग्यांत मातीचा अख्खा संसार मांडलेला असे. धान्याचं कोठार, विहीर, डुकरांचा गोठा, कोंबड्या आणि लहानशी चूल. तिच्यावर भांडी चढवलेली, माथ्यावर मासे आणि डावसुद्धा कोरलेले. जवळ मातीच्या दासी. मेलेल्याला पुढं काही कमी पडू नये, एवढ्यासाठी. पुढं तांग काळात (६१८ ते ९०७) पिवळ्या-हिरव्या झिलईचे घोडे, उंट आले, आणि गुबगुबीत गालांच्या, उंच अंबाड्याच्या बायकाही.

आधी मला रागच आला. मेल्यावरही बाईची चुलीपासून सुटका नाही! पण पुढची पानं वाचली. त्याहून कितीतरी जुन्या, आन्यांगच्या शांग राजांच्या थडग्यांत बळी दिलेल्या माणसांचे शेकडो सांगाडे निघाले आहेत. अंगावर काटा आला. जिवंत पोरीपेक्षा ती मातीची दासी बरी, बाई!

पुस्तक मिटलं आणि आई आठवली. गेल्या वर्षी ती गेली. तिचे दिवस केले तेव्हा आम्हीही छत्री दिली, वहाणा दिल्या, पाण्याचा तांब्या दिला. वाटेत तिला ऊन लागू नये, तहान लागू नये म्हणून. आपण तरी वेगळं काय करतो?

आई जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. मला माती घडवता येत असती, तर तिच्यासाठी मी चूल केली नसती. एक पाट केला असता, पुढं भरलेलं ताट, आणि तिला गरम पोळी वाढणारी एक बाई.

ती बाई व्हायला मला माती कशाला हवी होती? दर सुट्टीत माहेरी जात होते. पण पाटावर मी बसायची, आणि वाढायची तीच.