काळी चार ते पांढरी चार

गेल्या श्रावणात आमच्या घरी नवा संगणक आला. नवा म्हणजे अगदी करकरीत नव्हे. कुठल्याशा कचेरीने वापरून काढून टाकलेला आणि कॉलेज रोडवरच्या एका दुकानदाराने झाडूनपुसून ठेवलेला. पण आमच्या जुन्या संगणकाने वयाची चौदा वर्षे पुरी करून पावसाच्या पहिल्या झडीतच राम म्हटला होता. त्याच्या मानाने हा तरुणच म्हणायचा. मी मोठ्या हौसेने तो टेबलावर मांडला, जुन्यातले फोटो, पत्रे, हिशेब सारे त्यात उतरवून घेतले आणि मग माझ्या लक्षात आले की एक गोष्ट मागे राहिली. जुन्या संगणकात तंबोरा होता.

हा तंबोरा आमच्या चिरंजिवांनी केलेला. कॉलेजात असताना त्याला संगणकातून आवाज निर्माण करण्याचे वेड लागले होते. हिचा माहेरचा मिरजेचा तंबोरा घर बदलताना भोपळ्याला तडकला, तेव्हा दोन दिवस ही कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, “आई, मी तुला तंबोरा करून देतो.” आणि त्याने खरोखरच करून दिला. पुढे तो कॅनडात गेला, पण त्याचा तंबोरा आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात रोज सकाळी वाजत असे. ही त्याच्याबरोबर तास दीड तास गाई. मी शेजारच्या खोलीत दाढी करी.

तीन वर्षांपूर्वी हिच्या गळ्यातल्या ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. बरी झाली. त्यानंतर गाणे मात्र बंद पडले. पहिले काही महिने मी विचारीत असे. ही म्हणे, “अहो, आता काय त्या गाण्याचं? नातवंडांशी बोलायला आवाज आहे ना, पुष्कळ झालं.” मला वाटले, इच्छा उरली नाही. माणसाची आवड वयाबरोबर उतरते, असा माझा एक सोयीस्कर सिद्धांत आहे. तो मी तिच्यावर चिकटवला आणि निर्धास्त झालो.

तरीसुद्धा नव्या संगणकात तंबोरा नसणे मला बरे वाटेना. मी चिरंजिवांची फाईल नव्या संगणकात घातली. ती चालेना. शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मदतीला आला. त्याने दोन मिनिटांत निदान केले. “काका, हा तंबोरा म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅम नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसणारा हा पाहुणा आहे. पाहुणा बत्तीस बिटांचा आणि आताचे यजमान चौसष्ट बिटांचे. ते त्याला ओळखच देत नाहीत.”

मी सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे लेथवर काढलेला माणूस. माप बदलले की जुना नट नव्या बोल्टवर बसत नाही, हे मला पटकन पटले. मूळ लिखाण चिरंजिवांजवळ असेल म्हणून मी फोन केला. तो म्हणाला, “बाबा, ते ज्या हार्ड डिस्कवर होतं ती केव्हाच गेली.” तेव्हा नवा तंबोरा शोधणे आले.

आता तुम्ही म्हणाल, यात शोधायचे काय? मोबाईलवर तंबोरे ढिगाने मिळतात. मिळतात खरे. पण मोबाईलच्या बोटभर कर्ण्यातून खर्ज बाहेरच येत नाही. तंबोऱ्याचा डास होतो. संगणकाला मी बरे दोन कर्णे जोडले होते, त्यांतून वाजेल असे काही मला हवे होते. आणि खरे सांगायचे तर निवृत्त माणसाला एवढे मोठे काम आपण होऊन चालत आले असता ते अर्ध्या तासात उरकून टाकणे परवडत नाही.

महिनाभर मी वाचत होतो. त्यातून एवढे कळले की यंत्रातून आवाज काढण्याच्या दोन रीती आहेत. एक, खऱ्या वाद्याचा आवाज टिपून ठेवायचा आणि हवा तेव्हा वाजवायचा. दुसरी, आवाज आकड्यांतून मुळापासून घडवायचा. ही दुसरी रीत वाटते तेवढी नवी नाही. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली आयबीएमच्या ७०४ या अगडबंब यंत्राकडून सतरा सेकंदांचे संगीत वाजवून घेतले, तिथे तिचा उगम. आपल्याकडेही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर आणून ध्वनिशाळा उभी केली होती. मी त्या सुमारास शाळेत पाढे म्हणत होतो.

पहिली रीत सोपी, म्हणून आधी ती करून पाहिली. टिपलेला तंबोरा फारच गोड होता. पण तो ज्या पट्टीत टिपला त्याच पट्टीत. पट्टी खाली आणायची म्हणजे ग्रामोफोनची तबकडी हळू फिरवल्यासारखे होते. सूर उतरतो, पण त्याबरोबर तंबोराही म्हाताऱ्यासारखा रेंगाळू लागतो. वेग न बदलता सूर उतरवणारे प्रोग्रॅम आहेत. पण मी जो वापरला त्यात तारेचा दाणा पुसट झाला.

मग चावीपट्टीसाठी केलेले नवे सिंथेसायझर पाहिले. यांत ‘सर्ज’ नावाचा एक फुकट मिळतो. त्याच्या कर्त्याने २०१८ साली त्याचे मूळ लिखाणच सर्वांसाठी खुले केले. पडद्यावर शेकडो खुंट्या! मी दोन रात्री जागून एक तंबोऱ्यासारखा आवाज बनवला. या प्रोग्रॅमांच्या जाणकारांत एका गोष्टीची फार चर्चा असते. चावी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती विलंब होतो, तो कसा कमी करावा. मीही त्या चिंतेत चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी उमगले की तंबोरा एकदा सुरू केला की तो आपला वाजतच राहतो. तो क्षणभर उशिरा सुरू झाला म्हणून कोणाचे काय बिघडणार आहे?

माझ्या त्या तंबोऱ्यात एक उणीव मात्र मला जाणवली. खऱ्या तंबोऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझ्या आवाजात तो नव्हता. मी म्हटले, नाही तर नाही, आपण घालू! गंधाराची चावी मी हळू आवाजात कायमची दाबून ठेवली आणि हिला हाक मारली.

ही पदराला हात पुसत आली, दाराशीच थांबली आणि म्हणाली, “अहो, हा मधेच कोण बोलतोय?”

“गंधार आहे.”

“छे! तंबोऱ्याचा गंधार असा नसतो. हा बाहेरून आलाय.”

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तर हिचे कान बरोबर! खर्जाच्या तारेतून जो गंधार निघतो तो खर्जाच्या बरोबर पाचपट कंपनांचा. खर्ज ८७.३ कंपनांचा धरला तर गंधार ४३६.५ चा. चावीपट्टीवरचा गंधार मात्र ४४० चा, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. साडेतीन कंपनांचा फरक! याच कारणावरून आपल्याकडे पेटीवर केवढे वादळ झाले होते. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले ते १९७१ पर्यंत उघडले नाही. आणि मी त्याच पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या पोटात कोंबून हिला ऐकवत होतो.

मग गंधार येतो कुठून? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांनी उठू नये, तेही तंबोऱ्यात उठतात, असे त्यांना आढळले. ही करामत घोडीच्या पसरट पाठीची आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याची. म्हणजे आपली जवारी. कंप पावणारी तार घोडीला हलकेच घासत राहते आणि एकेक उपस्वर जागा करते.

ही जवारी आकड्यांत कशी आणायची? त्याची एक युक्ती जाँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराने १९६९ साली वापरली होती. जवळजवळ एकाच सुराचे आठनऊ आवाज घ्यायचे आणि प्रत्येकात काही शतांश कंपनांचा फरक ठेवायचा. मग त्यांचे उपस्वर एकदम न उमटता पाळीपाळीने वर येतात आणि विरतात. गंधार घालावा लागत नाही. तो येतो.

हे करायला मी अखेर ‘सीसाउंड’ निवडला. तो १९८६ साली एमआयटीमध्ये बॅरी व्हर्को यांनी रचला. दिसायला अगदी अरसिक. खुंट्या नाहीत, रंग नाहीत. साध्या अक्षरांत लिहायचे, एका भागात वाद्य आणि दुसऱ्या भागात सूर. शेजारचा विद्यार्थी म्हणाला, “काका, इतकं जुनं कशाला घेता?” पण मला तेच हवे होते. साध्या अक्षरांत लिहिलेले उद्या कोणत्याही संगणकावर निदान वाचता तरी येईल. नाहीच वाजले तर वहीत उतरवून ठेवता येईल. आमच्या नाशकातच पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा रामनाम आधार आश्रम होता. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या गवयाने बंदिशी लिहिण्यासाठी स्वरलिपी रचली. सारा गळा काही त्या लिपीत मावत नाही. पण जेवढे लिहिले तेवढे गाणाऱ्याच्या माघारीही उरले. चिरंजिवांचा तंबोरा यंत्राबरोबर गेला, तो लिहिलेला हाताशी नव्हता म्हणून.

तीसएक ओळी जमायला मला दोन आठवडे लागले. गणपती येऊन गेले. एका संध्याकाळी सारे जुळले, आणि सगळ्यांत वरची ओळ तेवढी उरली. षड्जाची कंपने किती? मला ती पाठ होती. हिची पट्टी काळी चार, २०७.६५. लग्नात, हळदीकुंकवात, गणेशोत्सवात ही काळी चारातच गायली होती. चिरंजिवांच्या तंबोऱ्यात तर दुसरा षड्जच नव्हता. त्याला आईची पट्टी ठाऊक होती, म्हणून त्याने ती पक्कीच करून टाकली होती. तरी सहज, नुसते विचारायचे म्हणून मी हाक मारली, “अगं, काळी चार ना?”

स्वयंपाकघरातून उत्तर आले नाही. थोड्या वेळाने ही येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

“पांढरी चार घ्याल?” ती म्हणाली. “काळी चार आता नाही लागत मला. ऑपरेशननंतर लागतच नाही.”

मी वळून पाहिले. ही खिडकीबाहेर पाहत होती. त्या ग्रंथीला लागूनच स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा असतात आणि वरचे सूर त्यांच्या भरवशावर असतात, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. मी ते ऐकले होते आणि विसरलो होतो. ही मात्र पहिल्याच महिन्यात मी बाजारात गेलो असता कोनाड्यातला तंबोरा लावून बसली होती. आवाज वर गेला नाही. तंबोरा खाली आला नाही. तिने तो बंद केला.

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं? पोरानं एवढ्या हौसेनं केलेला. त्याला म्हणू, तुझ्या तंबोऱ्यात आता आई बसत नाही?”

मी काही बोललो नाही. २०७.६५ खोडले आणि १७४.६१ लिहिले. तीन पट्ट्या खाली. एवढ्यासाठी एक ओळ बदलावी लागली. आधी पंचम, मग जोड, मग खर्ज. खर्ज विरता विरता त्यातून गंधार वर आला, बारीक, पण स्पष्ट. हिने मान हलवली. “हा आतला आहे,” ती म्हणाली आणि चटई ओढून बसली.

पहिल्या दिवशी नुसता षड्ज लावला. तोही मधे दोनदा तुटला. आवाजात पूर्वीचा तजेला नाही, आणि तो येईल असे मी म्हणणार नाही. पण दसऱ्याच्या संध्याकाळी हिने यमन धरला आणि गंधारावर थांबली, तेव्हा तंबोऱ्यातला गंधार आणि हिचा गंधार यांतला कोणता कोणाचा हे मला, दाराआड उभे राहून, सांगता आले नसते.

त्या रात्री मी चिरंजिवांना त्या तीस ओळी पाठवल्या. त्याचा फोन आला. “बाबा, छान जमलंय. पण षड्ज चुकलाय. आईची काळी चार.”

मी फोन हिच्या हातात दिला. या वेळी तिने सांगितले.