सामानांतील एक बाटली

गेल्या दिवाळीच्या आधींची गोष्ट. आमचे चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेंत असतात. ते दोन वर्षांनीं धाराशिवास यावयाचे होते. दूरध्वनीवर सामानाची याद चालली असतां सूनबाई म्हणाल्या, "आई, तुमच्या गुडघ्यांसाठीं 'हेम्प'च्या तेलाची बाटली घेऊन येतें. इकडे दुकानांत उघड मिळते." आमच्या सौभाग्यवतींस फार समाधान वाटलें. तुळजापुरास भवानीच्या देवळांत पायऱ्या उतरून जावें लागतें, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळें त्यांस तें दोन वर्षें साधलें नव्हतें.

आम्हीही निश्चिंत होतों, कारण 'हेम्प' म्हणजे अंबाडी अशी आमची समजूत होती. इंग्रजी पुस्तकांत अंबाडीस 'डेक्कन हेम्प' व तागास 'सन हेम्प' म्हणतात, एवढें शाळेंत शिकवितांना आम्हीं वाचलें होतें. अंबाडीची भाजी व भाकरी हें तर आमच्या मुलखाचें अन्न. तिच्या तेलाचें भय कसलें? पुढें नातवानें बाटलीचें चित्र पाठविलें. वर पंजासारखें पान होतें. अंबाडीचेंही पान तसेंच असतें, म्हणूनच तिच्या लॅटिन नांवांत भांगेचें नांव गोंविलेलें आहे. पण बाटलीवर खालीं 'सी.बी.डी.' अशीं अक्षरें होतीं. आमचे एक जुने विद्यार्थी येथें वकिली करतात, त्यांस तें चित्र दाखवितांच ते म्हणाले, "गुरुजी, ही अंबाडी नव्हे, ही भांगच."

भांगेशीं आपला परिचय नवा नाहीं. अथर्ववेदांत वनस्पतींच्या मालिकेंत तिचें नांव येतें. वैद्यकांत तिला 'विजया' म्हणतात. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यांत इंग्रजी अमलांत गांजाची रीतसर लागवड होत असे, आणि १८९३-९४ सालीं सरकारनें एक आयोग नेमून हिंदुस्थानभर तिची चौकशी करविली. मग अमेरिकेंत जें उघड विकतें तें आपल्याकडे आणण्यास अडचण कोणती, असें आम्हीं विचारलें. वकिलांनीं जें समजाविलें तें वाचकांच्याही उपयोगाचें आहे.

या वनस्पतींत मद आणणारें द्रव्य तें टी.एच.सी., आणि मद न आणणारें तें सी.बी.डी. अमेरिकेनें २०१८ सालीं असें ठरविलें कीं, वाळलेल्या वनस्पतींत डेल्टा-नाइन टी.एच.सी. शेंकडा ०·३ हून अधिक नसेल तर तिला 'हेम्प' म्हणावें व ती अमली पदार्थांच्या यादींतून वगळावी. २०१९ पासून तेथील विमानतळाचे रक्षकही अशा मालास आडकाठी करीत नाहींत. (नोव्हेंबर २०२५ मध्यें तेथील काँग्रेसनें ही व्याख्या बरीच आवळणारा कायदा केला, ही गोष्ट वेगळी.) सारांश, तेथील कायदा द्रव्याचें प्रमाण मोजतो.

आपला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा प्रमाण मोजीत नाहीं. तो वनस्पतीचें अंग पाहतो. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. हीं दोन्ही व त्यांचें कोणतेंही मिश्रण निषिद्ध. बी व नुसतें पान यांस त्या व्याख्येंतून वगळलें आहे. मात्र भांगेच्या पानावर महाराष्ट्रांत दारूबंदीच्या कायद्याचें बंधन आहेच. बियांचें तेल व पीठ अन्न म्हणून विकण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२१ सालीं मर्यादा घालून अनुमति दिली. तेव्हां बियांचें तेल निराळें आणि फुलोऱ्याच्या अर्काचें तेल निराळें. बाटल्या मात्र दिसावयास सारख्या! शिवाय २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मिश्रणाचें वजन धरतांना त्यांतील निरुपद्रवी भागही मोजावा. अगदीं अल्प प्रमाणासही एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलीं आहेत.

बाटलीवर 'टी.एच.सी. नाहीं' असें लिहिलें म्हणून काय झालें? २०१७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं बाजारांतील ८४ नमुने तपासले, तों २६ वरचाच मजकूर बरोबर निघाला, आणि १८ मध्यें टी.एच.सी. सांपडलें. विमान वाटेंत ज्या भूमीवर उतरतें तिचाही कायदा प्रवाशास लागतोच. सिंगापुरांत ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या व्यापारास देहांत शासन आहे. मग तेथें 'आमच्या गांवीं चालतें' या सबबीस कोण विचारतो?

हें सर्व आम्हीं घरीं सांगितलें. सौभाग्यवती रागावल्या. "अहो, मुलगा आईच्या गुडघ्यांसाठीं औषध आणतो, त्यांत चोरी कसली?" चोरी नव्हतीच. पण कस्टमच्या अधिकाऱ्यास आईचे गुडघे दिसत नाहींत. त्याला बाटली दिसते. २०२५ सालींच आमच्या तुळजापुरांत मेफेड्रोन नांवाच्या अमली द्रव्याचें प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां घरोघर त्याचीच चर्चा होती. त्या वेळीं आम्हीच नातवंडांस कायद्याचा धडा दिला होता. आतां आपल्या सोयीसाठीं तो विसरावा, हें आमच्या मास्तरकीस पटेना. आम्हीं त्याच रात्रीं चिरंजीवांस दूरध्वनि करून बाटली तेथेंच ठेवण्यास सांगितलें. सूनबाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बाबा, बरें झालें विचारलेंत. मीं तर ती बॅगेंत भरलीही होती."

त्या एका वाक्यानें सौभाग्यवतींचा राग उतरला. दोन लहान मुलांची आई विमानतळावर चौकशीसाठीं थांबविलेली त्यांच्या डोळ्यांपुढें उभी राहिली असावी.

विजया आपल्या वैद्यकांतून गेलेली नाहीं. परवान्यानें तयार केलेलीं तिचीं औषधें वैद्याच्या चिठ्ठीनें येथेंच मिळतात. पण तीं घ्यावींत कीं नाहीं हें वैद्यानें ठरवावें, दूरच्या दुकानदारानें नव्हे. दिवाळीनंतर चिरंजीवांनीं आईस तुळजापुरास नेलें. एका हातास मुलगा, दुसऱ्या हातास सून, अशा त्या एकेक पायरी उतरल्या. पाऊण तास लागला. परत आल्यावर आम्हीं गुडघ्यांची चौकशी केली, तेव्हां म्हणाल्या, "दुखतात, पण दर्शन झालें."