डोळे उघडे ठेव!
पहिल्या जिमचं नाव नका विचारू. एसी, म्युझिक झक्कास. पण पहिल्याच दिवशी हातात ग्लोव्हज देऊन ‘मारा मॅडम!’ आठवडाभर मनगट सुजलेलं. (वर्षाचे पैसे अर्थातच आधी भरलेले.)

मग पेठेतल्या पत्र्याच्या शेडमधले सर भेटले. ‘आधी ही साडेचार मीटरची पट्टी बांधायला शीक, पोरी.’ पुढचे तीन आठवडे नुसते पाय. डावा पुढे, उजवा मागे. तीन मिनिटं राउंड, एक मिनिट दम.

स्पारिंगला मात्र मी डोळे गच्च मिटायचे. ‘घरी कुणी हात उचलायचं का गं?’ मी गप्प. लग्नाची चार वर्षं काय सांगणार? त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. रोज दहा मिनिटं ते हळूच जॅब टाकतात, मी बघत राहते.

कालचा जॅब पूर्ण पाहिला. बसला नाकावरच, पण पाहिला!