खर्जाचे सोबती

वसईच्या पश्चिमेस, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज, नंदाखाल अशी गावे आहेत. विहिरींच्या काठी केळीच्या बागा, नारळाची झाडे, फुलांचे वाफे आणि त्यांतून वळणे घेत जाणाऱ्या अरुंद वाटा हे या गावांचे जुने रूप. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. उंच इमारती वाड्यांच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपल्या. तरीही सणाच्या संध्याकाळी ख्रिस्तमंदिरातून मिरवणूक निघाली आणि पितळी बँडचे स्वर वाडीवाडीतून घुमू लागले, की जुने गाव पुन्हा जागे झाल्यासारखे वाटते.

या भूमीला पाश्चात्त्य संगीताची ओळख फार पूर्वीच झाली. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. त्यांच्या धर्मगुरूंबरोबर येथे प्रार्थनेचे समूहगायन आले. मात्र आजच्या पितळी बँडमधील वाद्ये त्या काळातील नव्हेत. बोटांनी कळा दाबून निरनिराळे स्वर काढण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात जर्मनीत निघाली, आणि खर्जाचे मोठे वाद्य, बास ट्यूबा, १८३५ साली बर्लिनमध्ये जन्मास आले. इंग्रजी पलटणींच्या बँडांनी ही वाद्ये आपल्या देशात रुजविली. पुढे ती लग्नमंडपात आणि सणांच्या मिरवणुकीत येऊन बसली.

अशाच एका गावातील बँडमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचे सारे मन ट्रम्पेटवर जडले होते. ट्रम्पेट वाजविणारे सर्वांच्या पुढे असतात. गाण्याची चाल त्यांच्याच मुखातून निघते. लोक त्यांच्याकडे माना वळवून पाहतात. परंतु बँडच्या मास्तरांनी त्याच्या खांद्यावर दहाएक किलो वजनाचा जुना बास ठेवला आणि सर्वांत मागच्या रांगेत, एका वृद्ध वादकाशेजारी, त्याला उभे केले.

मुलगा हिरमुसला. वृद्धाजवळही तसेच वाद्य होते आणि दोघांनी वाजवावयाचे स्वरही तेच होते.

“काका, तुम्ही बास वाजविताच आहात. मग दुसरा कशाला हवा?” त्याने विचारले.

वृद्ध हसून म्हणाला, “मिरवणूक होऊ दे पोरा, मग तूच मला सांग.”

बासविषयी थोडे जाणून घेतले, म्हणजे या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. ट्रम्पेटची नळी उलगडून सरळ केली, तर ती सुमारे साडेचार फूट भरेल. सर्वांत मोठ्या बासची नळी सुमारे १८ फूट, म्हणजे चौपट भरेल. नळी जितकी लांब, तितका तिचा स्वर खाली उतरतो. म्हणून हा बास ट्रम्पेटच्या दोन सप्तके खाली बोलतो. या लांबरुंद नळीला श्वासही पुष्कळ लागतो. त्यातच मानवी कानाची एक खोड अशी, की उंच स्वर त्याला चटकन ऐकू येतो. खर्जाचा स्वर तितकाच मोठा भासण्यासाठी अधिक जोर खर्च करावा लागतो. उघड्या रस्त्यावर तर आवाज परतविण्यास भिंती नसतात, छप्पर नसते. तेथे एकट्या बासचा आवाज वाऱ्यावर विरून जातो.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग त्या मुलाला सणाच्या दिवशी समजला.

मिरवणूक ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्या उतरून वाटेला लागली. हाती मेणबत्त्या घेतलेली माणसे संथ पावलांनी चालत होती. बँडने एक संथ प्रार्थनागीत धरले. या गीतात बासला करामत काहीच नव्हती. एकेक स्वर लांबवर धरून ठेवावयाचा, एवढेच काम. आपला आवाज पुढपर्यंत पोचावा म्हणून मुलाने गाल फुगवून जोराने फुंकण्यास आरंभ केला. ओळ संपता संपता त्याची छाती रिकामी झाली. त्याने वाद्य तोंडापासून दूर केले आणि श्वास घेतला. नेमका त्याच क्षणी शेजारच्या वृद्धानेही श्वास घेतला होता.

तो क्षण डोळ्याचे पाते लवण्याइतकाच होता. परंतु तेवढ्यात गीताखालची जमीन कोणी काढून घेतल्यासारखे झाले. ट्रम्पेट वाजत होते, क्लॅरिनेट वाजत होते, चाल तीच होती. तरी सारे अधांतरी वाटू लागले. पुढे चालणाऱ्या मास्तरांनी चमकून मागे पाहिले. मुलाचे कान लाल झाले. इतका वेळ आपला बास कोणाला ऐकूच येत नाही, अशी त्याची समजूत होती. तो थांबताच सर्वांना त्याची उणीव जाणवली!

गीत संपल्यावर वृद्ध रागावला नाही. तो हळूच म्हणाला, “चूक तुझी एकट्याची नाही, मी तुला आधी सांगावयास हवे होते. ओळीच्या शेवटी सगळेच श्वास घेतात. आपण दोघांनी तेथे एकदम घ्यावयाचा नाही. ओळीच्या मध्यावर तू घे; तेव्हा स्वर मी धरतो. शेवटी मी घेईन. तेव्हा तू धर. आणि एवढ्या जोराने फुंकू नकोस. माझा आवाज तुला ऐकू आला पाहिजे.”

दुसरे गीत सुरू झाले. आता मुलाचे लक्ष पुढे पाहणाऱ्या लोकांकडे नव्हते. ते शेजारच्या श्वासाकडे लागले होते. ओळीच्या मध्यावर त्याने श्वास घेतला. तेव्हा खालचा स्वर अखंड होता. ओळ संपत आली आणि वृद्धाची छाती किंचित वर उचलली गेली. मुलाने आपला स्वर निश्चल धरून ठेवला. वृद्धाचा श्वास आता पूर्वीइतका लांब राहिला नव्हता; वयाने तो आखूड केला होता. परंतु ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही ते कळले नाही. दोन आखूड श्वासांचा मिळून एक दीर्घ स्वर झाला होता.

जगातील जाणत्या वादकांनी ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. इंग्लंडमधील पितळी बँडांत चार बासवादक घेण्याचा प्रघात आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदात, माणसाहून उंच अशी डबल बास नावाची तंतुवाद्ये आठ-आठ असतात. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? गवयाच्या मागे पुष्कळदा दोन तंबोरे असतात. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची आणि बहुधा पितळेची असते. एका तंबोऱ्याचा नाद विरू लागतो तोच दुसऱ्याचा उमटतो आणि गवयाच्या पाठीशी स्वरांची अखंड भिंत उभी राहते. गणेशोत्सवात रस्त्यांवरून ढोलताशांची पथके जातात, त्यांत ताशे थोडे आणि ढोल पुष्कळ असतात. ताशाचा कडकडाट थोड्या वादकांनीही दूरवर पोचतो. ढोलाचा घुमारा अनेक हातांनी उभा करावा लागतो. एकाचा हात भरून आला, तरी पथकाचा ठोका थांबत नाही. कारण तो इतरांनी धरून ठेवलेला असतो.

रात्री मिरवणूक ख्रिस्तमंदिरापाशी परत आली. मुलाने ओल्या फडक्याने आपला बास पुसला आणि वृद्धाचाही पुसून दिला. “काका,” तो म्हणाला, “दुसरा कशाला हवा, ते समजले.” वृद्धाने काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आई वाट पाहत होती. ती म्हणाली, “बँड आज फार छान वाजला हो! पण मी किती कान देऊन ऐकले, तरी तुझा बास वेगळा असा काही ओळखता आला नाही.”

सकाळी हेच शब्द ऐकून त्याला रडू कोसळले असते. आता मात्र तो प्रसन्नपणे हसला आणि हातपाय धुऊन जेवावयास बसला.