जाणत्याचं नाव

सेवाग्राम, जि. वर्धा

चि. मनू,


युगांडाच्या कॅथरीन ओडोरा हॉपर्स यांच्यावर तू प्रबंध लिहिते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. स्टॉकहोमची डॉक्टरेट, २००२ साली देशी ज्ञानपरंपरांवर संपादित केलेला ग्रंथ, पुढे दक्षिण आफ्रिकेच्या युनिसा विद्यापीठात विकास-शिक्षणाचं अध्यासन. एवढ्या वाटचालीत त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. गावातला जाणता माणूस म्हणजे संशोधकाला माहिती पुरवणारा कुणी नव्हे, तो स्वतः ज्ञानी आहे. विद्यापीठात त्याला बरोबरीचं स्थान हवं. शिव विश्वनाथन या आपल्याच विचारवंताची ज्ञानन्यायाची, म्हणजे सगळ्या ज्ञानपरंपरांना बरोबरीचा मान देण्याची, कल्पना त्यांनी आपलीशी केली.

‘आपल्याकडे असं कुणी होतं का?’ असं तू विचारतेस. होतं, आणि इथेच होतं. आर्यनायकम मूळचे सिलोनचे, रवींद्रनाथांचे सचिव. १९३० साली त्यांच्यासोबत रशियाही पाहून आलेले. पत्नी आशादेवी बंगाली, शांतिनिकेतनात शिक्षिका. २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीनं मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारानं सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा केला. तो राबवायला १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ निघाला, आर्यनायकम त्याचे सचिव झाले, आणि या दांपत्यानं पुढचं आयुष्य सेवाग्रामला वाहिलं.

त्यांचं शिक्षण कसं होतं ते एका गुंडीवरून सांगते. पोरानं सरकी काढायची, पेळू करायचा, टकळीवर सूत काढायचं आणि फाळक्यावर गुंडाळायचं. चार फुटांची एक तार, अशा ६४० तारांची गुंडी. मग किती फूट झाले? गुणाकार आला. तेवढ्याच कापसात कुणाचं सूत लांब निघतं, कुणाचं आखूड, ते का? सूत बारीक की जाड, हे गुंडीच्या वजनानं ठरवायचं. कापूस काळ्या मातीत का पिकतो, बाजारात त्याचा भाव कोण ठरवतो, हे प्रश्न हातातल्या कामातूनच निघायचे. कापूसवाल्या घरातलं पोर शाळेत अडाणी ठरत नसे. घरचं ज्ञान तिथं धड्याच्या जागी बसत होतं.

पुढे याच आराखड्यावर निघालेल्या सरकारी ‘बुनियादी’ शाळांत टकळी राहिली, पण तिच्यातलं गणित गेलं. सूतकताई वेगळा तास झाली आणि पुस्तक पुन्हा वेगळं झालं. नोकरीला प्रमाणपत्र लागत होतं, म्हणून आईवडिलांनाही ही गरिबांची शाळा वाटू लागली. आर्यनायकम दांपत्याची इथली शाळाही बंद पडली होती. २००५ मध्ये आनंद निकेतन या नावानं ती पुन्हा सुरू झाली, याचं मला अपार समाधान आहे.

मनू, प्रबंध लिहिताना एकदा इथे ये. पाऊस उघडला की आमच्या शेजारचे बाबा वावरात उकिडवे बसतात, मूठभर माती दाबून गोळा करतात आणि बोटानं मोडतात. गोळा चिकट राहिला तर मान हलवतात. भुसभुशीत फुटला तर म्हणतात, ‘आला वापसा, आता चालू द्या डवरा.’ ओल्या रानात डवरा घातला तर माती दबते आणि पिकाची मुळं गुदमरतात. हे त्यांना कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. तरी दरवर्षी निर्णय तेच घेतात, आणि चुकला तर नुकसानही त्यांचंच होतं.

अशा माणसाचं ज्ञान आपण घेतो, आपल्या भाषेत मांडतो, पदवी मिळवतो. आणि प्रबंधात तो ‘एक शेतकरी’ एवढाच उरतो. याचं मला मनापासून दुःख होतं. म्हणून तुला कळकळीनं सांगते: ज्याच्याकडून शिकशील त्याला विचारून त्याचं नाव लिही. तो काय जाणतो याबरोबर ते कसं पारखतो, हेही लिही, कारण तीच त्याची शास्त्रीय पद्धत आहे. आणि प्रकरण पूर्ण झालं की छापण्याआधी मराठीत त्याला वाचून दाखव. तो म्हणाला ‘असं नाही’, तर ते दुरुस्त कर, मार्गदर्शकानं सुचवलेली दुरुस्ती करतेस तितक्याच आदरानं.

तुझी,
आत्या